म्हाताऱ्या गायकासाठी सूड

२ नोव्हेंबर २०२५, रविवार. सकाळी ८.१०

सुदर्शनला संपवायचं ठरलं. कायद्यात राहून.

आजच्या ‘दैनिक खामकाठ’च्या रविवार पुरवणीत त्याचा लेख आहे. अर्धं पान. ‘संग्रही असावेत असे बारा प्रोग्रेसिव्ह अल्बम’. सोबत फोटो. फोटोत गॉगल. खतं-बियाण्यांच्या दुकानात गॉगल कशाला लागतो?

हा सुदर्शन मूळचा पाचोडचा. १९९९ साली माझ्या वरच्या खोलीत भाड्यानं आला, तेव्हा संगीत म्हणजे वरातीतला बँड एवढंच त्याला ठाऊक. मी त्याला ऐकायला शिकवलं. एका गाण्याला वीस मिनिटं का लागतात, सतारीशेजारी इलेक्ट्रिक गिटार का बसते, सगळं. पुढं त्यानं जालना रोडवर दुकान टाकलं, घर बांधलं. तरी सव्वीस वर्षं दर रविवारी चारला येतो, सोफ्याच्या डाव्या कोपऱ्यात बसतो आणि मी लावीन ते ऐकतो. या शहरात एक्स्परिमेंटल म्हणा, वर्ल्ड फ्यूजन म्हणा, रॉकमधलं काहीही अवघड निघालं की एकच नाव निघतं. व्यंकटराव. म्हणजे मी. एकेचाळीस रेकॉर्ड जमवून कमावलेलं नाव आहे.

लेखात माझा उल्लेख: ‘एका जाणकार मित्रामुळे.’ नाव नाही. जागा नव्हती म्हणावं, तर खाली कुकरच्या रबराची जाहिरात आहे.

८.४०

पुन्हा वाचला. सातव्या नंबरवर चहा सांडला.

सातवा नंबर ‘प्लावा माग्ला’. बँडचं नाव वोदेना कोलो, युगोस्लाव्हिया. देश उरला नाही, रेकॉर्ड उरली. १९९८ साली शहागंजात एका हातगाडीवर मिळाली. वेरूळ बघायला आलेला कुणी परदेशी हॉटेलात सोडून गेला असणार. भारतात दुसरी प्रत नसावी. माझ्या संग्रहाचा हा कळस. त्यातला तो म्हातारा गायक! खोल विहिरीतून पाणी शेंदावं तसा एकेक शब्द वर काढतो. कव्हरवर जाड मिशीवाला गृहस्थ आहे, तोच. पुढं लाल रुमाल बांधून हसणारी एक बाई उभी आहे. मुलगी असावी, किंवा मॅनेजर.

आणि सुदर्शन काय लिहितो? ‘उडत्या चालीचा, पाय थिरकवणारा अल्बम. गायिकेचा आवाज खळाळता.’

गायिका!

माझ्या सोफ्यावर बसून त्यानं ही रेकॉर्ड शंभरदा ऐकली आहे. बाई म्हणे!

सायंकाळी ५.००

चारला बेल वाजली. मी उठलो नाही. पद्मजाला सांगितलं, घरात नाहीत म्हणून सांग. तिनं सांगितलं. तो म्हणाला, बरं वहिनी, मग आत वाजतेय ती रेकॉर्ड संपली की फोन करायला सांगा.

हा उद्धटपणा लिहून ठेवतो.

३ नोव्हेंबर, सोमवार

संकल्प:

१. सुदर्शनशी बोलायचं नाही.
२. त्याच्या बारा अल्बमना उत्तर म्हणून माझी पन्नास अल्बमची यादी. समर्थ, सप्रमाण, खतरनाक.
३. ‘प्लावा माग्ला’वर स्वतंत्र निबंध. शीर्षक: ‘संथपणाचं तत्त्वज्ञान’. तो वाचून सुदर्शननं दुकानाचं शटर खाली ओढलं पाहिजे.
४. सकाळी चालायला जायचं. (सुडाला तब्येत लागते.)

अल्बम संग्रही ठेवण्यालायक आहे की नाही, याच्या माझ्या कसोट्या आजवर कुणी लिहिल्या नाहीत. मी लिहितो. गाणं अठरा मिनिटांच्या आत आटपता कामा नये. त्यात निदान एक वाद्य असं हवं जे आपल्या शहरात दुरुस्त होत नाही. पहिल्यांदा ऐकताना आवडता कामा नये. त्यावर नाचता तर मुळीच येता कामा नये. आणि ते लागल्यावर बायको खोलीतून उठून गेली पाहिजे. शेवटच्या कसोटीवर ‘प्लावा माग्ला’ सत्तावीस वर्षं एकदाही नापास झालेला नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार

चालायला गेलो नाही. पायाला गोळा आला होता. येणार होता.

शेंद्र्याला कंपनीत दिवस चांगला. मी क्वालिटीला आहे, पंपाच्या मोटारी तपासून पास-नापास करायचं काम. आज तीन परत पाठवल्या. फेरे कमी भरले. माझ्या हाताखालचा पुंजाराम म्हणाला, साहेब, दोन टक्के तर फरकंय, दोन टक्क्यानं काय व्हतंय. मी त्याला ऐकवलं, फिरणाऱ्या वस्तूचा वेग चुकला की ती वस्तू ती राहतच नाही. अख्खी लाइन ऐकत उभी राहिली.

काही माणसांना जन्मजात बारकावा असतो. काहींना गॉगल.

८ नोव्हेंबर, शनिवार

सुदर्शनकडून मोसंबीचं क्रेट आलं. पाचोडच्या बागेतलं, दरवर्षी येतं. परत पाठवायला सांगितलं. पद्मजा म्हणाली, तुम्ही नेऊन द्या. क्रेट उचलून पाहिलं. पंचवीस किलो तरी असेल.

दोन ग्लास रस घेतला. शत्रूच्या रसदीवर ताबा मिळवणं हा युद्धाचा जुनाच नियम आहे.

९ नोव्हेंबर, रविवार

चारला बेल वाजेल म्हणून पावणेचारपासून न उघडण्याच्या तयारीत बसलो होतो. वाजली नाही. सव्वाचारला बाहेर जाऊन बेल चालते का ते पाहिलं. चालते.

ओवी (माझी मुलगी, एम.एस्सी.ला आहे, बापावर विश्वास नाही) मोबाइल घेऊन आली. म्हणाली, बाबा, तुमचा वोदेना कोलो इंटरनेटवर आहे, ऐका. ऐकलं. धावतपळत वाजणारं व्हायोलिन, ढोलकीसारखं काहीतरी आणि चिवचिवणारी एक बाई. ओवी म्हणाली, सुदर्शनकाकांचं बरोबर दिसतंय.

मी हसलो. समंजसपणे. कॉपीराइटमध्ये पकडलं जाऊ नये म्हणून हे लोक गाण्याचा स्पीड वाढवून टाकतात. कुणालाही विचारा. म्हाताऱ्याला पळवला की त्याची बाई होते.

आणि लख्ख प्रकाश पडला. सुदर्शननं हेच ऐकून लेख लिहिला! मूळ रेकॉर्ड विसरला आणि मोबाइलवरची बनावट ऐकून अर्धं पान भरलं! सापडला. चोर मुद्देमालासकट सापडला.

तीन ग्लास रस.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

निबंध पूर्ण. चौदा पानं. ‘खामकाठ’ला पाठवला. उत्तर आलं की वाचकांच्या पत्रव्यवहारात दीडशे शब्दांपर्यंत घेऊ, सोबत आधार कार्डाची प्रत जोडावी.

दीडशे शब्दांत तर म्हाताऱ्याचा पहिला श्वासही मावत नाही. त्यात काय काय आहे! मला त्यांची भाषा येत नाही, पण कळतं. त्याची बायको गेलेली आहे. मुलं शहरात. गिरणी बंद पडली आहे. तो दारात बसून सांगतोय. माझे वडील गेले तेव्हा मी रडलो नव्हतो, सगळ्यांनी नावं ठेवली होती. दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी ही रेकॉर्ड लावली आणि म्हातारा गायला लागला तसा धाय मोकलून रडलो. सुदर्शन तेव्हा डाव्या कोपऱ्यात होता. त्यानं पंखा तेवढा वाढवला.

आणि त्या म्हाताऱ्याला हा माणूस पेपरात बाई म्हणतो. याला माफी नाही.

पन्नास अल्बमची यादी सध्या अकरावर आहे. पन्नास म्हणजे गर्दी होते.

१६ नोव्हेंबर, रविवार

देव आहे.

श्रेया नावाच्या मुलीचा फोन आला. इथल्या कॅनॉटजवळ तिचा कॅफे आहे, वरच्या मजल्यावर महिन्यातून एकदा तरुण मंडळी जमून रेकॉर्ड ऐकतात. ३० तारखेला सकाळी अकराला विषय ठेवलाय, ‘संग्रही असावेत असे अल्बम’. सुदर्शन बोलणार आहे. तो तिला म्हणाला म्हणे की मला नका बोलवू, आधी दादांना (म्हणजे मला) बोलवा, मी जे काही ऐकलं ते त्यांच्याकडंच.

आता मस्का! उशीर झाला, बाळा.

मी तिला अट घातली. आधी तो बोलेल, शेवटी मी. आणि मी एकच रेकॉर्ड वाजवेन. ती म्हणाली, काका, सो एक्सायटिंग.

योजना: चाळीस माणसांसमोर मूळ तबकडी वाजवायची. मग विचारायचं, सुदर्शन, यात बाई कुठं आहे ती दाखव.

१९ नोव्हेंबर, बुधवार

सुदर्शनचा फोन. तीनदा. चौथ्यांदा उचलला, शत्रूची अवस्था कळावी म्हणून. म्हणाला, दादा, कार्यक्रमाच्या आधी एकदा भेटू. पाच मिनिटं. त्या रेकॉर्डबद्दल बोलायचंय, फोनवर सांगण्यासारखं नाय.

मी म्हणालो, जे काय बोलायचं ते चारचौघांत. तो म्हणाला, चारचौघांत नाय बोलता यायचं दादा, म्हणून तर म्हणतोय.

घाबरलाय! आवाज कापत होता. नेटवर्कमुळे नव्हे.

२२ नोव्हेंबर, शनिवार

मी कंपनीत असताना घरी येऊन गेला. पद्मजाकडे चिठ्ठी ठेवली. ‘दादा, पाया पडतो, ३० तारखेला ती रेकॉर्ड लावू नका. दुसरी कोणतीही लावा. रागावू नका. सुदर्शन.’

चिठ्ठी फाइलला लावली. लेखी शरणागती.

पद्मजा म्हणाली, अहो, माणूस पाया पडतोय, एकदा ऐकून तरी घ्या. तिला काय सांगणार? सव्वीस वर्षांच्या मैत्रीत एवढा पुरावा पहिल्यांदाच हाती आलाय.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

भाषणाची तालीम. आरशासमोर बावीस मिनिटं. ‘मित्रहो, वेग हा आजच्या काळाचा रोग आहे’ इथं आवाज खाली न्यायचा. ‘काही लोक धावत्या संगीतामागे धावतात’ इथं सुदर्शनकडे बघायचं.

अल्बमची यादी एकवर आणली. खरा संग्राहक एकावरच थांबतो.

चालायला जाणं सोमवारपासून.

३० नोव्हेंबर, रविवार. सकाळी ९.००

निळा कुर्ता. रेकॉर्ड धुतलेल्या उशीच्या अभ्र्यात. पद्मजा येत नाही म्हणाली. ओवी येतेय, व्हिडिओ काढायला मीच सांगितलं.

आज या शहरात पुन्हा एकच नाव.

३० नोव्हेंबर, दुपारी ३.००

क्रमानं लिहितो. हात स्थिर आहे.

हॉल भरलेला. चाळीस नव्हे, साठ तरी. सुदर्शन आधी बोलला, दहाच मिनिटं. फिनलंडच्या एका बँडचा अल्बम दाखवला, आफ्रिकेतल्या मालीच्या वीणेसारख्या वाद्याबरोबर मूग कंपनीचा सिंथेसायझर कसा बोलतो ते वाजवून दाखवलं. पोरांनी प्रश्न विचारले. त्यानं दर उत्तरात दादांनी हे शिकवलं, दादांनी ते शिकवलं, असा घोशा लावला. सातव्या नंबरबद्दल अवाक्षर नाही.

मग मी. बावीस मिनिटं. पिनड्रॉप सायलेन्स. मग श्रेयाच्या प्लेअरवर ‘प्लावा माग्ला’. तिनं स्पीड तेहतीसवर लावू का विचारलं, मी म्हणालो, अर्थात. म्हातारा गायला लागला. पोरं मान खाली घालून ऐकत होती. एक मुलगी डोळे पुसत होती. मी स्वतः पाहिलं.

बाजू संपली. मी उभा राहिलो आणि विचारलं, सुदर्शन, यात बाई कुठंय?

तो उठला. माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाला, नाय दादा. बाई नाय. माझं चुकलं. मी गडबडीत लिहिलं. तुमचं बरोबरंय.

साठ माणसांसमोर! लोकांनी टाळ्या वाजवल्या. सूड पूर्ण झाला होता. इथं मी खाली बसायला हवं होतं.

पण ‘गडबडीत’ हा शब्द मला खटकला. गडबडीत म्हणजे काय? अज्ञानात म्हणावं. मी म्हणालो, दुसरी बाजूही लावा, म्हणजे याची पुरती खात्री पटेल. सुदर्शन एकदम पुढं आला आणि म्हणाला, नको, दादा दमले असतील, आता चहा घेऊ. मी म्हणालो, मी दमलेलो नाही, तू दमलास.

श्रेयानं तबकडी उलटी केली. मधल्या लेबलवर माझ्या संग्रहाची चिठ्ठी, ‘व्यं. ७’. १९९८ साली मीच दोन्ही बाजूंना डिंकानं चिकटवलेली. एक कोपरा सुटला होता. तिनं नखानं नीट करायला घेतला आणि चिठ्ठी अख्खी निघून आली. खाली स्पीडचा आकडा होता.

ती म्हणाली, काका, ही तर पंचेचाळीसची आहे.

मी म्हणालो, पंचेचाळीसच्या रेकॉर्ड छोट्या असतात. ती म्हणाली, मोठ्याही असतात काका, आवाज चांगला यावा म्हणून. आणि स्पीडची कळ सरकवली.

बाई गायली. खळाळत.

पहिल्या दहा सेकंदांत पोरांना कळलं. पंधराव्या सेकंदाला कुणीतरी टाळ्यांचा ठेका धरला. मागच्या रांगेतले उठून नाचायला लागले. डोळे पुसणारी मुलगी तर गोल फिरत होती. ओवीचा व्हिडिओ चालू होता. मी उभाच.

तेवढ्यात सुदर्शननं माइक घेतला. म्हणाला, मंडळी, हा दादांचा प्रयोग व्हता. वेग बदलला की माणूस कसा बदलतो ते दाखवायला दादांनी मुद्दाम हळू लावली. मला आधीच सांगितलं व्हतं, म्हणून मी चुकलो म्हणालो. लोकांनी आधीपेक्षा मोठ्या टाळ्या वाजवल्या.

सगळे माझ्याकडे बघत होते. मी मान हलवली. होकारार्थी.

१ डिसेंबर, सोमवार

प्रयोगच होता. अजाणता केलेला असला तरी प्रयोग तो प्रयोगच. शास्त्रात असं पुष्कळदा होतं.

श्रेयाचा मेसेज: काका, माइंडब्लोइंग कन्सेप्ट, पुढच्या महिन्यात वर्कशॉप घ्याल का?

घरच्या प्लेअरवर स्पीडची कळ तेहतीसवर ठेवून मी वर चिकट टेप लावली होती, कुणी हात लावू नये म्हणून. कुणी लावलाही नाही.

३ डिसेंबर, बुधवार

विचार केला. सुदर्शनचा डाव आता लक्षात आला. मला पडू दिलं असतं तर मी पडलो असतो, उठलो असतो, त्याला शिव्या घातल्या असत्या. त्यानं मला वाचवलं. आता जन्मभर त्याचे उपकार. उपकार करून मारणं याच्याइतका नीच सूड नाही. याचा बदला घेतल्याशिवाय राहणार नाही. कसा ते सुचत नाही.

कंपनीत सगळ्या मोटारी पास केल्या. पुंजाराम म्हणाला, साहेब, बरं नाय का?

६ डिसेंबर, शनिवार

घरात कुणी नसताना टेप काढली आणि रेकॉर्ड पंचेचाळीसवर लावली. पूर्ण ऐकली. नि:पक्षपाती मनानं.

चांगली आहे. बाई गोड गाते. व्हायोलिन अप्रतिम. कुणाचीही बायको गेलेली नाही. गिरणी बंद पडलेली नाही. लग्नाबिग्नातली गाणी असावीत.

दारात बसून सांगणारा तो कुणी नव्हताच. सत्तावीस वर्षं ज्याच्यासाठी मी जगाशी भांडलो, ज्याच्या गळ्यात पडून मी माझ्या बापासाठी रडलो, तो जन्मलाच नव्हता. मला फार वाईट वाटलं. कुणाला सांगायचं? कोण गेलं म्हणून विचारतील.

७ डिसेंबर, रविवार. सायंकाळी ५.४०

चारला बेल वाजली. दार मी उघडलं. जाब विचारण्यासाठी.

सुदर्शन डाव्या कोपऱ्यात बसला. मी सरळ विचारलं, तुला कधी कळलं? म्हणाला, ऑगस्टात. एका माणसाकडून त्याला त्याची स्वतःची प्रत मिळाली, तिच्यावर आकडा दिसला. लेख लिहून देऊन बसला आणि मग भीती वाटली, म्हणून माझं नाव काढून घेतलं. लोक शिकवणाऱ्याकडे जातील, रेकॉर्ड ऐकवा म्हणतील, आणि मग हसतील. कुणी दादांना हसलेलं मला नाय चालायचं, असं म्हणाला. ऑगस्टापासून सांगायचा धीर झाला नाही; लेख आला त्या रविवारी सांगायलाच आला होता, पण मी भेटलो नाही.

मी म्हणालो, मग आता तुझ्या प्रतीवर बाईच ऐकत असशील. तो म्हणाला, दोनदा ऐकली आणि कपाटात ठिवली. बाई गाती चांगली. पण दादा, तुमचे वडील गेले तवा जो गायला, तो म्हातारा लई मोठा माणूस व्हता. त्याच्यासारखा पुन्हा नाय व्हायचा.

मी उठलो, कळ तेहतीसवर नेली आणि सुई ठेवली. म्हातारा दारात येऊन बसला. पूर्ण बाजू ऐकली. सुदर्शननं उठून पंखा वाढवला.

बदला म्हणून त्याला चहा विचारला नाही. पद्मजा दोन कप घेऊन आली.